रायगडावरची एक पहाट, आणि तिचे साक्षीदार

दरवर्षी जून उजाडला की मोबाईलवर एक आकडा फिरू लागतो: शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला १ कोटी ४२ लाख होन, म्हणजे तेव्हाची सोन्याची नाणी, एवढा खर्च आला. हा आकडा कुणी मनाचा घातलेला नाही. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत तो आहे, आणि सभासद म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे, भोसल्यांच्या दरबारातला माणूस.

आता दुसरा आकडा बघा. वेंगुर्ल्याला तेव्हा डचांची वखार होती. तिथला अब्राहम लफेबर नावाचा व्यापारी राज्याभिषेकानंतर चार महिन्यांनी वरिष्ठांना पत्र लिहितो, आणि लोकांत चाललेली बोलवा कळवतो. समारंभ आणि दानधर्म मिळून खर्च किती? तर दीड लाख होन.

समारंभ तोच, गड तोच, आणि दोन आकड्यांत जवळजवळ ९५ पटींचा फरक. अशा वेळी बहुतेक जण आपल्याला आवडलेला आकडा उचलतात आणि भांडायला मोकळे होतात. इतिहासाचा अभ्यास करणारा जरा थांबतो आणि दोन्ही कागदांना काही साधे प्रश्न विचारतो. लिहिणारा कोण? तो तिथे होता का? किती दिवसांनी लिहिलं? कुणासाठी लिहिलं, आणि लिहून त्याचं काय साधणार होतं? साधनांवरून इतिहास अभ्यासणं म्हणजे मुळात हे एवढंच. मात्र ते नीट करायला आयुष्य पुरत नाही, ही गोष्ट वेगळी.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. ‘अस्सल साधन’ म्हटलं की पुष्कळांना वाटतं, अस्सल म्हणजे खरं. तसं नाही. अस्सल म्हणजे त्या काळातलं, मूळचं, नकलेच्या उलट. अस्सल पत्रात शुद्ध थाप मारलेली असू शकते, आणि दोनशे वर्षांनी उतरवलेल्या नकलेत शंभर टक्के खरी नोंद असू शकते. अस्सलपणा कागदाचा गुण आहे, खरेपणा मजकुराचा. दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

१६७४ सालचा राज्याभिषेक ही पद्धत समजून घ्यायला फार सोयीची घटना आहे, कारण तिला साक्षीदार पुष्कळ, आणि त्यांचे एकमेकांशी फारसे लागेबांधे नाहीत.

पहिला साक्षीदार गोरा. हेन्री ऑक्झिंडेन. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला मुंबईहून पाठवला तो काही राज्याभिषेक बघायला नव्हे. १६६१ मध्ये राजापूरची इंग्रजांची वखार मराठ्यांनी लुटली होती, तिची भरपाई मागायची होती आणि व्यापाराचा तह करायचा होता. मे महिन्यात तो गडाच्या पायथ्याशी पाचाडला येऊन थांबला, कारण महाराज प्रतापगडच्या भवानीच्या दर्शनाला गेले होते. मग गडावर जागा मिळाली, आणि पुढचे दिवस तो रोजनिशी लिहीत राहिला.

त्या रोजनिशीतल्या मेअखेरच्या नोंदीत तुलेचा उल्लेख आहे. राजाची सोन्याने तुला झाली, वजन सुमारे १६ हजार होन भरलं, त्यात आणखी १ लाख घालून ते सगळं राज्याभिषेकानंतर गडावर जमलेल्या ब्राह्मणांना वाटायचं आहे, असं तो लिहितो. म्हणजे १ लाख १६ हजार. हा आकडा लफेबरच्या दीड लाखाच्या शेजारी ठेवून पाहा. इंग्रज आणि डच एकमेकांचे धंद्यातले वैरी, एकाची वही दुसऱ्याला दिसण्याचं कारण नाही. तरी दोघांचे आकडे एकाच घरातले निघतात. दोन परके साक्षीदार एकमेकांना न विचारता जवळजवळ तेच सांगू लागले की त्यांच्या म्हणण्याला वजन येतं.

वजनावरून आठवलं. विजयनगरच्या वळणाचा होन साधारण ३.४ ग्रॅमचा असे. तो धरला तर १६ हजार होन म्हणजे ५४ किलोच्या आसपास. पण होनांचे प्रकार अनेक, वजनं वेगवेगळी. दुसरा कुठला होन धरा, महाराजांचं वजन पाचदहा किलोंनी हललंच. एका वाक्यावरून ठाम विधान करायच्या आधी त्या वाक्यातलं माप कोणतं, हे विचारायचं ते यासाठी. सिंहासनाच्या प्रसिद्ध ३२ मण सोन्याचीही तीच गत. मण म्हणजे कुठला मण? मुलखागणिक मण वेगळा होता.

मग सभासद खोटारडा ठरतो का? अजिबात नाही, आणि इथे घाई करणाऱ्यांचा मला थोडा राग येतो. सभासदाने बखर लिहिली ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, राज्याभिषेकाला वीसएक वर्षं उलटल्यावर. रायगड १६८९ मध्येच मोगलांकडे गेला होता. संभाजी महाराज मारले गेले होते. राजा दूर तमिळ मुलखात वेढ्यात, आणि त्याला आपल्या वडिलांचं चरित्र ऐकायचं आहे. अशा वेळी म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या तोंडून जे बाहेर पडलं, त्यात हिशेब कमी आणि आठवण जास्त असणार. शिवाय त्याच्या आकड्यात काय काय धरलंय हेही उघड नाही. दान आणि भेटी, की महिनोन्‌महिने चाललेलं अन्नछत्र, दागदागिने, गडावरची बांधकामं, सगळंच? माझ्यापुरतं सांगायचं तर खर्चासाठी मी सभासदाकडे जाणार नाही. पण कारभाराची घडी कशी होती, अष्टप्रधान कोण, किल्ल्यांवर नेमणुका कशा होत, हे विचारायला त्याच्याचकडे जाईन, कारण त्यात त्याचा जन्म गेला होता. साक्षीदार एका बाबतीत कच्चा आणि दुसऱ्या बाबतीत पक्का असू शकतो. गावच्या पंचांनाही हे कळत होतं.

आता पहाटेकडे येऊ.

भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली निघाली. शकावली म्हणजे सालवार टिपणं, एकेक ओळीची. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. महाराजांचा जन्म १६२७ चा की १६३० चा, हा वाद तिथूनच खरा पेटला, आणि तंजावरला मिळालेलं ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य नि राजस्थानात मिळालेली जन्मकुंडली जोडीला आल्यावर फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी उचलून धरली गेली. त्या वादावर स्वतंत्र लेख होईल. आपल्याला हवी आहे ती शके १५९६ ची एक ओळ. ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवारी, तीन घटका रात्र उरली असता शिवाजी राजे सिंहासनी बसले.

गंमत अशी की आपण तर सगळीकडे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी वाचतो. मग शकावली चुकली? नाही. आपला जुना दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. शुक्रवारी सूर्य उगवला तेव्हा द्वादशी होती, म्हणून त्या दिवसाची तिथी द्वादशी. ती २१ घटका आणि वर काही पळं होती, असं शकावलीच सांगते. एक घटका २४ मिनिटांची. म्हणजे दुपारी अडीचच्या सुमारास द्वादशी सरली आणि त्रयोदशी लागली. राजे सिंहासनावर बसले ते रात्र सरता सरता, तीन घटका उरल्या असताना, म्हणजे सूर्योदयाआधी सव्वा तासाच्या आतबाहेर. तेव्हा चालू होती त्रयोदशी, आणि जुन्या हिशेबाने वार मात्र अजून शुक्रवारच. दोन्ही नोंदी बरोबर.

इंग्रजांचा दिवस मध्यरात्री बदलतो. त्यांच्या लेखी ती पहाट शनिवारची, ६ जूनची. आणि ऑक्झिंडेन ६ जूनच्या नोंदीत काय लिहितो? सकाळी सातआठच्या सुमारास दरबारात गेलो, तो राजा भव्य सिंहासनावर बसलेला आढळला.

मला ही जुळणी फार आवडते. मावळातल्या देशमुखाच्या घरचं टिपण म्हणतं, पहाटे बसले. इंग्रज वकील म्हणतो, सकाळी गेलो तर बसलेले होते. एक घटका मोजतो, दुसरा घड्याळाचे तास. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही, आणि दोघांची वेळ एकमेकांत चपखल बसते.

तारखेची आणखी एक मेख आहे. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते, पोर्तुगीजांनी नवं ग्रेगोरियन १५८२ मध्येच घेतलं होतं. दोघांत तेव्हा १० दिवसांचा फरक. मुंबईच्या इंग्रजी पत्रात जी तारीख ६ जून, तीच गोव्याच्या पोर्तुगीज पत्रात १६ जून. पणजीच्या पुराभिलेखागारात बसून पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास बाहेर काढणाऱ्या पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या संशोधकांना ही वजाबाकी पाठच करावी लागली असणार. ती विसरलात तर माणूस निघायच्या आधीच पोचलेला दिसतो.

घरच्या कागदांतही कालगणना एकच नाही. मराठी पत्रांत शुहूर सन असतो, आणि तोही अरबी शब्दांत: खमस सबैन अलफ. खमस पाच, सबैन सत्तर, अलफ हजार, म्हणजे १०७५. हे साल मृग लागला की बदलतं, म्हणून लोक त्याला मृगसाल म्हणत. शेतकऱ्याचं वर्ष, शेतसाऱ्याचं वर्ष. त्यात ५९९ मिळवा, १६७४ आलं. पण तारीख जानेवारी ते मृगाच्या आतली असेल तर ६०० मिळवायचे. पत्राच्या शेवटी ‘छ’ दिसला तर दचकू नका, तो चंद्राचा ‘छ’, त्याच्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख येते. आणि रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या शिलालेखात साल कोड्यात घातलंय: षण्णव बाण भूमि. षट् सहा, नव नऊ, मदनाचे बाण पाच, भूमी एक. संस्कृतात असे अंक उलट्या अंगाने वाचायचे, म्हणजे १५९६. तोच शक. जेध्यांच्या शकावलीला दगडानेही दुजोरा दिला.

पुन्हा त्या सकाळच्या दरबाराकडे जाऊ, कारण ऑक्झिंडेन तिथे आपल्याला डोळे उसने देतो. सिंहासनाच्या एका अंगाला भाल्यांच्या टोकांवर मोठ्या दातांची दोन सोन्याची माशांची तोंडं. दुसऱ्या अंगाला घोड्यांच्या शेपट्या, आणि एका भाल्यावर समतोल असलेला सोन्याचा तराजू, न्यायाची खूण. दुभाषी नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, तेव्हा राजाचं लक्ष गेलं आणि त्याने इंग्रजांना सिंहासनाजवळ बोलावलं. बाहेर पडताना दाराशी लहान हत्ती आणि दोन देखणे घोडे उभे, आणि इंग्रज विचारात पडला: ही जनावरं या असल्या वाटेने वर आणली कशी?

या शेवटच्या वाक्यासाठी मी बखरीतली दहा पानं द्यायला तयार आहे. गडावरच्या माणसाला हत्ती गडावर असण्याचं नवल नव्हतं, म्हणून तो ते लिहीत नाही. नवख्यालाच नवल वाटतं आणि नवखाच लिहून ठेवतो. परकी साधनं महत्त्वाची असतात ती ती निःपक्षपाती असतात म्हणून नव्हे. मुळीच नसतात. पण घरच्यांना जे रोजचं, ते त्यांना खटकतं.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे. ऑक्झिंडेनला मंत्र कळत नव्हते, विधी कळत नव्हता, गागाभट्टांनी क्षत्रियत्वाचा प्रश्न कसा सोडवला याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला तहाची कलमं हवी होती, आणि ती त्याने आठवड्याभरात पदरात पाडून घेतली. त्याची रोजनिशी म्हणजे वरिष्ठांना ‘काम फत्ते’ म्हणून दाखवायचा कागदही होता, हे विसरून चालत नाही.

याच मोहिमेतली एक गोष्ट जॉन फ्रायर नावाच्या कंपनीच्या डॉक्टरने सांगितली आहे. इंग्रजांना मांस पुरवणारा म्हातारा खाटीक गड चढून वर आला, कशासाठी, तर मी वर्षानुवर्षांत विकलं नाही एवढं मांस थोड्या दिवसांत खाणारे हे लोक आहेत तरी कोण, ते बघायला. सुरेख गोष्ट. पण फ्रायर स्वतः गडावर नव्हता, आणि त्याचं पुस्तक छापलं गेलं १६९८ मध्ये. ऐकीव गोष्ट तोंडातोंडी गोलाई धरते, नको ते गळतं, शेवट खुसखुशीत होतो. म्हणून मी ती हसून वाचतो आणि वहीत पेन्सिलीने लिहितो, शाईने नाही.

एकपक्षी साक्षीदाराचं उदाहरण हवं तर त्याच वर्षीचा दुसरा राज्याभिषेक घ्या. २४ सप्टेंबर १६७४ ला निश्चलपुरी गोसाव्यांनी तांत्रिक पद्धतीने तो केला. त्याची हकिकत मुख्यतः एका संस्कृत ग्रंथातून कळते, आणि तो ग्रंथ निश्चलपुरींच्याच गोटातला. साहजिकच त्यात पहिल्या राज्याभिषेकाच्या चुका आणि अपशकुनांची जंत्री आहे. अपशकुन खरे की खोटे यात डोकं घालण्यापेक्षा त्यातून वेगळंच काही शिकता येतं: पहिल्या समारंभानंतर चार महिन्यांच्या आत त्याच्या विधीवर उघड टीका करणारा एक गट होता, आणि राजाने त्यांचंही ऐकून घेतलं. पक्षपाती कागद पक्षपाताबद्दल तरी खरं बोलतोच.

आतापर्यंतचे कागद सगळे थोडेफार ‘पुढच्यांनी वाचावं’ म्हणून लिहिलेले. खरी मजा त्यांच्या पलीकडच्या कागदांत आहे, जे कुणी इतिहासासाठी लिहिलेच नाहीत. हुकूम, हिशेब, पावत्या, भाऊबंदकीचे निवाडे. पुण्याच्या पुराभिलेखागारातले रुमाल उघडलेत तर बहुतेक हेच हाती येतं. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं दप्तर. आत मोडी लिपी. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग बोरू न उचलता अक्षरं त्यांना लटकावत जायचं. शब्द तोडलेले नसतात, पूर्णविराम नसतो. पहिल्या महिन्यात ‘जे केले’ आहे की ‘जेकेले’ नावाचं गाव आहे, असा प्रश्न पडतो. शिकायला तीन महिने लागतात, सवय व्हायला तीन वर्षं.

महाराजांचं अस्सल पत्र म्हणजे त्यांच्या हातचं पत्र, हाही गैरसमज. लिहिणारा चिटणिसाकडचा लेखक. माथ्यावर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ची मुद्रा, शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ची मोर्तब. मोर्तब पडली की मजकूर संपला, खाली कुणी ओळ घुसडायची नाही. ही खबरदारी उगाच नव्हती. वतनाच्या तंट्यांत बनावट कागद सर्रास होत, आणि पुढे इंग्रजांच्या इनाम कमिशनने इनामाचा पुरावा मागायला सुरुवात केल्यावर तर आणखी. त्यामुळे सनद समोर आली की आधी बघायचं: मुद्रा त्या राजाची आहे, पण तेव्हा तो राजा गादीवर होता का? तिथी आणि वार पंचांगाशी जुळतात का? ज्या अंमलदाराचं नाव आहे तो तेव्हा त्या हुद्द्यावर होता का? खोटं करणारा अक्षर हुबेहूब काढतो आणि वारात सापडतो.

हे सगळं घरबसल्या करता येतं का? बरंचसं येतं. वि. का. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरं धुंडाळून १८९८ पासून साधनांचे खंड छापायला घेतले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, राजवाड्यांच्या मृत्यूनंतर धुळ्याला त्यांच्या नावाची संस्था निघाली. या मंडळींनी छापलेली हजारो पत्रं बाळबोध, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरी लिपीत आहेत, आणि जुने खंड आता स्कॅन होऊन सहज मिळतात. तंजावरच्या सरस्वती महालातही मोडीचे ढीग आहेत. तिथल्या मराठी राजांचा कारभार त्यांत बंद आहे. सुरुवात करायची तर खंडाची प्रस्तावना टाळा आणि सरळ कुठल्याही पानावर एक पत्र वाचा. पहिल्या वाचनात काही कळत नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचा, निम्मं कळतं, कारण ते कानाने लिहिलेलं असतं.

मी नवख्यांना पहिलं पत्र सुचवतो ते ९ मे १६७४ चं. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना ते आहे. पावसाळा तोंडावर आलाय, घोडदळ तिथेच राहणार, दाणा आणि वैरण बेताची. आत्ताच उधळाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, असं पत्र बजावतं. मग तुम्ही कुणब्याच्या घरचे दाणे आणाल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी. असं झालं तर जीव धरून राहिलेले कुणबीही निघून जातील, आणि त्यांना वाटेल की मोगलांपेक्षा तुम्हीच जास्त. मग पत्र आणखी खाली उतरतं, थेट गवताच्या गंजीपर्यंत. कुणी आगट्या पेटवील, कुणी तंबाखू ओढील, रात्री दिवा जळत राहील, आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल.

हे पत्र सुटलं तेव्हा राज्याभिषेकाला महिनाही उरला नव्हता.